अस्वलाची रायफल आणि तुकाराम मेस्त्री

तुकाराम मेस्त्री आठवी नापास होता. अबुधाबीतल्या माझ्या अठरा वर्षांत मी मनापासून हेवा केला तो फक्त त्याचा. तेल कंपन्यांत माझ्या चौपट पगार घेणारे लोक माझ्या ओळखीचे होते. माझ्याबरोबर पुण्यात बी.कॉम. झालेला एकजण तर इथल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. त्यांच्यामुळे माझ्या पोटात कधी दुखलं नाही. पगाराला कारणं असतात, आणि ती समजली की मन शांत होतं. तुकारामच्या बाबतीत मला कारण सापडत नव्हतं.

आमचं दुकान शिकारीच्या सामानाचं. ससाण्यांच्या टोप्या, वाळवंटातले तंबू, दुर्बिणी आणि परवानाधारक स्थानिक लोकांसाठी बंदुका आणि रायफली. १९८६ साली मी तिथे हिशेबनीस म्हणून लागलो. तीन वर्षांत परदेशी कंपन्यांशी पत्रव्यवहार, आयात आणि कस्टमचे कागद हे सगळं माझ्याकडे आलं आणि मी मॅनेजर झालो. कंपन्यांची जाडजूड कॅटलॉगं यायची, ती मी घरी नेऊन वाचायचो. गोळीचं वजन, तिचा वेग, तिची ताकद यांची कोष्टकं मी स्वतः आखली होती. गिऱ्हाईक आलं की मालक, ज्यांना आम्ही सगळे अरबाब म्हणत असू, काचेच्या केबिनकडे बोट दाखवून म्हणायचे, राजाला विचारा. राजा म्हणजे मी, राजाभाऊ. मी आयुष्यात एकदाही बंदूक झाडली नव्हती, पण हे वाक्य ऐकलं की माझी मान थोडी ताठ व्हायची.

तुकाराम १९९१ साली आमच्याकडे कपाटं करायला आला. सावंतवाडीजवळच्या एका गावचा, जातिवंत सुतार, अंगाने काटक, बोलायला कमी. व्हिसावर धंदा लिहिलेला ‘कारपेंटर’. शहराबाहेर एका खोलीत आठ जणांत राहायचा, गावी बायको गिरिजा आणि दोन मुली. कपाटं लावत असताना एक गिऱ्हाईक तुटलेल्या दस्त्याची बंदूक घेऊन आलं. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो. ती बंदूक इटलीला पाठवावी लागेल, तीन महिने लागतील, असं मी कागद काढून सांगत होतो. तुकारामने शिडीवरूनच खाली पाहिलं आणि म्हणाला, परवा घेऊन जा म्हणावं. परवा ती बंदूक तयार होती, आणि सांधा कुठे आहे ते मला चष्मा लावूनही दिसलं नाही. अरबाबनी त्याला ठेवून घेतलं. मागच्या बाजूला एक खोली त्याला कारखाना म्हणून दिली.

त्याच्या बापाकडे पिकं राखायच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. रानडुकरं नाचणीत शिरली की बाप बार काढायचा आणि लहानपणापासून तुकाराम बरोबर जायचा. बंदुकीबद्दलचं त्याचं सगळं शिक्षण एवढंच. कॅटलॉगमधलं इंग्रजी त्याला वाचता येत नसे. तरी हळूहळू गिऱ्हाइकं माझ्या केबिनवरून सरळ मागे जायला लागली. आधी मला सलाम करत जायची, पुढे पुढे तोही विसरायची. आत तुकाराम त्यांना एका मोडक्या स्टुलावर बसवी, कपात चहा देई आणि ती माणसं, ज्यांच्या गाडीचं दार उघडायला वेगळा नोकर असे, तासन् तास तिथे बसून लाकूड तासलेलं बघत राहत.

१९९७च्या हिवाळ्यात खलफानसाहेब दुकानात आले. पंचावन्नच्या पुढचे, थोडे स्थूल, मनाने मोकळे. त्यांचा व्यापार तेव्हा रशियन लोकांशी वाढला होता. त्यातल्या कुणीतरी त्यांना येत्या मे महिन्यात कामचाट्काला अस्वलाच्या शिकारीचं आमंत्रण दिलं होतं. कामचाट्का म्हणजे रशियाचं पार पूर्वेचं टोक, आणि तिथली तपकिरी अस्वलं पाचशे किलोंच्या वर भरतात. खलफानसाहेबांनी तोवर ससे आणि पक्षी सोडून काही मारलेलं नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, “राजा, मेरे को एक बंदूक दो. भालू बड़ा है, मैं छोटा है. और जो बंदूक पसंद करेगा, वो मेरे साथ जाएगा, बंदूक संभालेगा. वहाँ मेरा कोई आदमी नहीं.”

अरबाब हसून म्हणाले, घेऊन जा, दोन आठवडे सुट्टी दिली.

मला जायचं होतं. इतकी वर्षं मी ज्या ठिकाणांची नावं टाइप केली, त्यांतलं एकही मी पाहिलं नव्हतं. बर्फही पाहिला नव्हता. पण खरं कारण ते नव्हतं. दुकानातल्या सगळ्यांसमोर खलफानसाहेबांनी ‘चल राजा’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते मागच्या खोलीत तुकारामला ऐकू जावं. घरी बायकोला, विभावरीला, मी फक्त बर्फाचं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला फ्रिजमधलं पाणी सोसत नाही.” मुलगा अथर्व टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, “बाबा, यू हॅव नेव्हर फायर्ड अ गन.” मी म्हटलं, निवड करायला झाडावी लागत नाही. अभ्यास लागतो.

अभ्यास मी केला. रायफलीच्या नळीचा व्यास इंचाच्या भागांत मोजतात, त्याला कॅलिबर म्हणतात. मी चार कॅलिबर घेतली: पॉइंट तीस, पॉइंट तीनशे अडतीस, पॉइंट तीनशे पंचाहत्तर आणि पॉइंट चारशे अठ्ठावन्न. प्रत्येकासमोर गोळीचं वजन, वेग आणि ताकद लिहिली. पहिल्याची ताकद एकोणतीसशे फूट-पौंड, शेवटच्याची पाच हजारांच्या आसपास. अस्वलाची कातडी जाड, खाली हातभर चरबी, त्याखाली खांद्याचं हाड. एवढं भेदून आत पोचायचं तर जास्तीत जास्त ताकद हवी, हे मला दोन आणि दोन चार इतकं स्पष्ट वाटलं. मी चारशे अठ्ठावन्नखाली लाल रेघ मारली आणि कोष्टक इंग्रजीत टाइप करून खलफानसाहेबांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. असा कागद आजवर कुणी दिला नाही, म्हणाले. ते दोन आठवडे माझे फार बरे गेले. विभावरीला मी जाड मोजे शोधायला सांगितलं.

आमच्याकडे चारशे अठ्ठावन्नची एक रायफल शिल्लक होती. शहराबाहेरच्या एका क्लबच्या चांदमारीच्या मैदानावर आम्ही ती घेऊन गेलो. मी, खलफानसाहेब, आमचा राजापूरचा सेल्समन याकूब, आणि रायफल पुसायला म्हणून तुकाराम. खलफानसाहेबांनी पहिली गोळी झाडली आणि दोन पावलं मागे गेले. गोळी निशाणाच्या फळीला लागली नाही. दुसरीही नाही. तिसरी फळीच्या कोपऱ्याला चाटून गेली. मी म्हटलं, सवय होईल.

तुकाराम पुढे आला. त्याने रायफल घेतली, पाठमोरा होऊन भरली आणि परत दिली. खलफानसाहेबांनी नेम धरला, घोडा ओढला. नुसतं ‘टक्’ झालं. पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं आणि साहेबांचे डोळे गच्च मिटलेले होते. आत कारखान्यातलं खोटं काडतूस होतं. धक्का येणार या भीतीने त्यांचं शरीर आधीच आक्रसत होतं, हे सगळ्यांना दिसलं, त्यांनाही. मला वाटलं, आता ते याला झापतात. ते क्षणभर रायफलीकडे बघत राहिले आणि हसायला लागले. “ये बंदूक मेरे को मारता है, भालू को नहीं.”

तुकाराम माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “राजाभाऊ, तुमचो हिशोब बरोबर आसा. पण खांदो खलफानसाहेबांचो आसा.”

परतताना गाडीत याकूबने विचारलं, “राजाभाऊ, तुमच्या कोष्टकात खांद्याचा रकाना कुठाय?”

मग निवड पुन्हा सुरू झाली आणि यावेळी ती मागच्या खोलीत झाली. तुकारामचं म्हणणं साधं होतं. रानडुक्कर असो की अस्वल, ते मरतं ते गोळी कुठे लागते यावर. मोठी गोळी चुकली तर जनावर चिडून अंगावर येतं, आणि तेव्हा डोळे मिटून चालत नाही. माणसाला डोळे उघडे ठेवून झाडता येईल, तेवढ्यातली मोठ्यात मोठी गोळी घ्यायची, त्याच्या वर जायचं नाही. आणि गोळी अशी हवी की हाडावर फुटून जाणार नाही, आत शिरेल. तो तीनशे अडतीस आणि तीनशे पंचाहत्तर यांच्यात अडला होता. तिथे मी तोंड घातलं. तीनशे पंचाहत्तरची काडतुसं जगात कुठेही मिळतात. विमानात सामान हरवलं तरी रशियात सुद्धा अडणार नाही. तुकारामने मान डोलावली, म्हणाला, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नसती. तीनशे ग्रेनची जड गोळी, थोडी आखूड नळी, कमी ताकदीची दुर्बीण असं ठरलं. खलफानसाहेब म्हणाले, “खलास. नंबर राजा ने दिया.” मला पुन्हा आशा वाटली.

ती एप्रिलमध्ये संपली. रायफल आली तेव्हा तिचा दस्ता तुकारामला पसंत पडला नाही. त्याने अक्रोडाचं लाकूड काढलं आणि नवा दस्ता घडवायला घेतला. माप घ्यायला खलफानसाहेबांना बोलावलं. ते नेहमीप्रमाणे पातळ पांढऱ्या कंदुऱ्यात, म्हणजे अरबी पायघोळ झग्यात आले. तुकारामने तंबूच्या शेल्फवरची दोन जाड लोकरी कांबळी काढली, याकूबच्या मदतीने त्यांच्या अंगाला गुंडाळली, वर दोरी बांधली आणि मग रायफल हातात दिली. एसी चालू असूनही साहेबांच्या गालावरून घाम ओघळत होता. मी दारातून हसलो. तुकारामने शांतपणे कारण सांगितलं. बर्फात अंगावर जाड कोट असणार. इथल्या कपड्यांवर माप घेतलं तर तिथे दस्ता कोटात अडकेल आणि ऐन वेळी खांद्याला लागणार नाही. त्याने दस्ता बोटभर आखूड केला. मग साहेबांना डोळे मिटून रायफल उचलायला लावली, मग डोळे उघडायला लावले आणि दुर्बीण नेमकी डोळ्यासमोर येईपर्यंत, दहा-बारा वेळा, लाकूड तासत राहिला.

पुढच्या चांदमारीत खलफानसाहेबांच्या पाच गोळ्या एका बशीएवढ्या जागेत लागल्या. ते तुकारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नंबर राजा ने दिया, बंदूक तुका ने दिया. तुका चलेगा.” मग माझ्याकडे बघून, “राजा, तुम पेपर बनाओ. तुम्हारे जैसा पेपर कोई नहीं बनाता.”

मी कागद केले. रशियन व्हिसासाठी तुकारामचा अर्ज मीच भरला. धंद्याच्या रकान्यात ‘कारपेंटर’ लिहिताना मला जरा बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. घरी विभावरीने जाड मोजे कपाटात ठेवून दिले आणि काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

९ मेला त्यांचं विमान होतं. ८ मेला शुक्रवार, सुट्टी. तुकाराम सकाळच्या बसने बर दुबईच्या देवळात नारळ द्यायला गेला होता. मी दुकान उघडलं, कारण रायफल पेटीत घालून, नंबर कागदांशी ताडून, सील करायचं काम माझं होतं. कारखान्यात टेबलावर ती तयार होती. तेल पाजलेलं अक्रोडाचं लाकूड मधासारखं दिसत होतं. मी चष्मा चढवून तिच्यात दोष शोधायला लागलो. खरोखरच शोधायला लागलो. आणि मला सापडला.

नळी लाकडाच्या खोबणीत बसते तिथे दोन्ही बाजूंनी फट होती. बारीक, कागद जाईल एवढी, पण टोकापासून पार मागपर्यंत. दुकानातल्या दुसऱ्या साध्या बंदुका मी काढून पाहिल्या, त्यांत लाकूड नळीला घट्ट भिडलेलं होतं. मला किती आनंद झाला ते कसं सांगू. सगळे ज्याच्या हाताची तारीफ करतात, त्याला खोबणसुद्धा नीट कोरता आली नाही. पहिला विचार आला खलफानसाहेबांना फोन करून दाखवायचा. पण सुट्टीच्या दिवशी, जायच्या आदल्या दिवशी, ते मलाच वेडा म्हणतील. मग ठरवलं, फट आपण भरायची. परत आल्यावर सावकाश सांगायचं, की मेस्त्रीचं काम मी निस्तरलं.

शेल्फवर लाकडात भरायचं लुकण होतं, अक्रोडाच्या रंगाचं. पातळ पट्टीने मी ते दोन्ही बाजूंनी दाबून भरलं, वाळू दिलं, काचकागदाने घासलं, वर तेलाचा हात दिला. मी व्यवस्थित माणूस आहे, काम नीटनेटकं झालं. रायफल पेटीत घातली, सील केली, किल्ल्या पाकिटात घालून खलफानसाहेबांच्या ड्रायव्हरकडे दिल्या.

मंगळवारी, १२ तारखेला, एका कंपनीचं नवं कॅटलॉग टपालाने आलं. जेवणाच्या सुट्टीत मी ते चाळत होतो. महागड्या रायफलींच्या पानावर एक शब्द होता, जो मी आधीही अनेकदा वाचला होता आणि विक्रीची नेहमीची भाषा म्हणून सोडून दिला होता: तरंगती नळी. यावेळी खालचा मजकूर वाचला. नळी आणि लाकूड यांच्यात मुद्दाम फट ठेवतात. दमट हवेत लाकूड फुगतं. ते नळीला टेकलं तर नळीला बाक देतं आणि गोळी भलतीकडे जाते.

लाकूड फुगतं. सावंतवाडीच्या सुताराला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिथे आषाढात घराची दारं चौकटीत अडकून बसतात. अबुधाबीच्या कोरड्या एसीत घडलेलं लाकूड वितळत्या बर्फात काय करेल, हा विचार त्याने केला होता आणि मी तो लुकणाने बुजवला होता. खलफानसाहेब पाचशे किलोंच्या अस्वलासमोर त्या रायफलीवर विसंबून उभे राहणार होते.

ते कामचाट्कात उतरणार होते त्या पेट्रोपाव्लोव्स्क शहरातल्या हॉटेलचा फॅक्स नंबर माझ्याकडे होता. मी दुकानाच्या लेटरहेडवर, सवयीप्रमाणे वर उजवीकडे तारीख घालून, मराठीत लिहिलं: “तुकाराम, नळी आणि लाकूड यांमधली फट मी लुकणाने भरली आहे. गोळी झाडण्याआधी खरवडून काढ. राजाभाऊ.” मराठीत अशासाठी की खलफानसाहेबांना आणि अरबाबना वाचता येऊ नये. मशीनपाशी गेलो. कागद लावला. आणि काढून घेतला.

स्वतःला मी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. तुकाराम पाहीलच, त्याचं लक्ष असतं. कदाचित लाकूड फुगणार नाही. कदाचित ते आधीच छावणीवर गेले असतील. पण या सगळ्याखाली एक विचार होता आणि तो मला स्वच्छ दिसत होता. पहिली गोळी चुकली, नुसती चुकली, कुणाला काही न होता, तर खलफानसाहेब तुकारामकडे कसे बघतील? ते बघणं मला हवं होतं. त्या विचारासाठी मी तो कागद दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन्ही दिवस मला जेवण गेलं नाही. विभावरीने विचारलं, “हिशेबात काही चुकलंय का?” मी म्हटलं, नाही.

गुरुवारी सकाळी खलफानसाहेबांच्या धाकट्या मुलीचा दुकानात फोन आला, बाबांची काही खबर आहे का म्हणून. शाळकरी आवाज होता. फोन ठेवला आणि फॅक्स पाठवून दिला. उत्तर आलं नाही. पुढचे दहा दिवस टेलिफोन वाजला की मी याकूबच्या आधी धावत जाऊन तो उचलायचो. हेव्याला तेवढ्या दिवसांत जागा नव्हती, एवढंच त्या दिवसांबद्दल चांगलं सांगता येईल.

२४ मेला दोघे सुखरूप परत आले. खलफानसाहेब दुसऱ्याच दिवशी खजुराचा डबा घेऊन दुकानात आले आणि उभ्यानेच हकिगत सांगू लागले. छावणीवर दोन दिवस ओला बर्फ पडत होता. नियमाप्रमाणे रशियन वाटाड्याने आधी फळीवर गोळ्या झाडून दाखवायला सांगितलं. दोन्ही गोळ्या हातभर उजवीकडे गेल्या. वाटाड्याने खांदे उडवले. साहेबांना वाटलं, आपलाच हात बिघडला. तुकारामने खिशातून दहा दिरहमची नोट काढली आणि नळीखालून सरकवायला गेला. नोट सरकेना. मग तो स्टोव्हपाशी बसला, रायफल उघडली आणि चाकूच्या टोकाने तीन तास काहीतरी खरवडत राहिला. नोट नळीखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी फिरली तेव्हाच उठला. त्यानंतरच्या तीन गोळ्या मध्यावर. चौथ्या दिवशी अस्वल ऐंशी पावलांवर मिळालं. पहिली गोळी खांद्याच्या हाडात, दुसरी खात्रीसाठी.

“और मालूम, वो क्या था अंदर?” साहेब अरबाबना म्हणाले. “तुका ने खुद भरा था. रास्ते में धूल नहीं जाए इसलिए. इतना सोचता है ये आदमी.”

अरबाबनी मान डोलावली. याकूबने टाळी वाजवली. तुकाराम खाली बघत होता. मी केबिनच्या दारात उभा होतो. साहेब वाचले म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण अर्धा मिनिट. लगेच ती जुनी कळ उठली. माझी चूकसुद्धा त्याची दूरदृष्टी ठरली होती.

संध्याकाळी दुकान बंद करताना मी मागच्या खोलीत गेलो. तुकाराम हत्यारं पुसत होता. त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्या केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. माझा फॅक्स. हॉटेलवाल्यांना लिपी कळेना, त्यामुळे कुणासाठी आहे तेही कळेना. त्यांनी तो काउंटरवर ठेवून दिला आणि परत जाताना लेटरहेडवरचं अबुधाबी वाचून याच्या हातात दिला.

धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडालं नव्हतं, हे त्याने सांगितलं. तिथल्या १४ तारखेच्या सकाळपर्यंत, म्हणजे आमच्याकडच्या तेराच्या रात्रीपर्यंत, ते हॉटेलातच होते.

त्याने कागदाच्या वरच्या कडेला फॅक्स मशीनने छापलेल्या तारखेवर बोट ठेवलं, मग माझ्या अक्षरातल्या तारखेवर.

“तुमच्या हातची तारीख बारा,” तो म्हणाला. “मशीनची चौदा. मधले दोन दिवस खंय होतात, राजाभाऊ?”

तीस वर्षं मी कुठल्याही कागदावर तारीख घातल्याशिवाय पेन ठेवलेलं नाही. लिहिलेली तारीख आणि पाठवलेली तारीख यांतला फरक शोधणं हे माझं काम, लोकांच्या कागदांत मी तो शंभरदा पकडला आहे. मी म्हणालो, “फट मुद्दाम ठेवली आहेस हे भरताना मला माहीत नव्हतं. देवाशपथ.”

“तां माका म्हायत आसा. भरल्यात तेवा म्हायत नव्हता. मी त्या दोन दिवसांचा इचारतंय.”

“मला जायचं होतं,” मी म्हटलं. “तू गेलास.”

त्याने ऐकलं, फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाला, “साहेबांका मी सांगलंय नाय, तां तुमच्यासाठी नाय. आपल्याच माणसान आपल्या माणसाचा काम बिघडवल्यान, ह्यां तिसऱ्याक सांगूची माकाच लाज वाटली.”

तो रागावला असता, ओरडला असता, तर मी उलट काहीतरी बोललो असतो आणि आम्ही बरोबरीचे झालो असतो. तो दिवे बंद करून बाहेर पडला. फॅक्स टेबलावरच राहिला. मी तो उचलून फाइलला लावला, तारखेप्रमाणे.

दुसऱ्या आठवड्यात त्याने कारखान्याच्या कपाटाला कुलूप घातलं. दुकानाच्या सगळ्या किल्ल्यांची एक जोडी मॅनेजरकडे असते, असा नियम मीच लिहिलेला होता. ही किल्ली त्याने दिली नाही आणि मी मागितली नाही. रायफल पेटीत घालून सील करायची वेळ आली की तो स्वतः यायचा, शेजारी उभा राहायचा, सील होईपर्यंत हलायचा नाही. मला नमस्कार करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. चहाला मात्र पुन्हा कधी बोलावलं नाही. खलफानसाहेबांच्या रायफलीनंतर त्याचं नाव पसरलं. अल ऐनहून, शारजाहून लोक येत. माझ्या केबिनवरून जात. मी त्यांच्या पावत्या करत असे.

२००२ मध्ये त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं आणि तो कायमचा गावी गेला. अनुभवाचा दाखला मला टाइप करायचा होता. हुद्द्याच्या जागी मी बराच वेळ थांबलो. व्हिसावर शेवटपर्यंत ‘कारपेंटर’च होतं आणि कागदाला कागद जुळला पाहिजे, हे मला कुणी सांगायला नको. मी ‘रायफलींचे दस्ते घडवणारा मुख्य कारागीर’ असं इंग्रजीत लिहिलं. त्याने ते याकूबकडून वाचून घेतलं, सही कुठे आहे ते पाहिलं, कागद पिशवीत ठेवला आणि माझ्याशी हात मिळवून निघाला.

येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. मागच्या महिन्यात एक तरुण आला होता. अलास्काला अस्वलासाठी जायचंय, सगळ्यात मोठं कॅलिबर दाखवा म्हणाला. मी त्याला सांगितलं, डोळे उघडे ठेवून झाडता येईल त्याच्या वर जाऊ नकोस. तीनशे पंचाहत्तर घे, काडतुसं कुठेही मिळतात. माप जाड कोटावर घे. तो कौतुकाने माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, माझे वडीलही असंच सांगतात, त्यांना तुका नावाच्या माणसाने शिकवलं होतं, तुम्हालाही त्यानेच का?

काडतुसांचं माझं होतं. तेवढं तरी सांगावं असं फार मनात आलं. मी हो म्हटलं आणि फॉर्म पुढे केला.